लक्ष्मीच्या वेळेला लागलेलं दार

शलमोन भिंगारदिवे यांना मी कधी पूर्ण चहा पिताना पाहिलेलं नाही. अर्धा कप झाला की ते उठत. शटरचं कुलूप ओढून बघत, खिडकीची कडी हलवून पाहत, आणि परत येईपर्यंत चहा गार झालेला असे. आमच्या न्हाणीघराची कडी त्यांनीच बसवलेली आहे. पाहुणे म्हणून आले होते, कोणी सांगितलं नव्हतं.

मला लिहायची सवय नाही. सगळी नोकरी जिनिंगच्या वजनकाट्यावर गेली. गाडीचा नंबर आणि वजन यापलीकडे फारसं काही लिहिलं नाही. नात निकिता म्हणते, "नाना, सांगता तसंच लिहा." पण सांगताना चुकलं तर समोरच्याचं तोंड बघून सावरता येतं, कागदावर ते जमत नाही. तरी शलमोन मिस्त्रींविषयी कोणीतरी लिहायला हवं असं वाटतं, आणि दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

शलमोन मिस्त्री नगरला नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. तिथं आगीची दारं बनतात, एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून लावतात ती. घरातलं दार डोळ्यांपुढे आणू नका. भरलेला टेम्पो आरपार जाईल एवढ्या मोकळ्या जागेसाठी लोखंडी पत्र्याचं, आत न जळणारी लोकर भरलेलं, वरच्या रुळावर चाकांनी लटकणारं सरकतं दार. मिस्त्री ती दारं गावोगावी जाऊन बसवत. त्यांचा जन्म नेवासे तालुक्यातला, आई मिशनच्या दवाखान्यात कपडे धुवायला होती. आयटीआय करून ते बरीच वर्षं परजिल्ह्यात एका कारखान्यात होते. तिथं एकदा बारदानाला आग लागली. दार होतं, पण दाराच्या वाटेत कोणीतरी पोत्यांची थप्पी लावलेली होती. ती ओढताना एका हमालाचे हात भाजले. त्या हमालाला दवाखान्यात मिस्त्रींनी महिनाभर जेवू घातलं. ते हात बघितल्यापासून आपल्याला स्वस्थ बसवत नाही, असं ते एकदा म्हणाले होते. त्यांच्या पत्नी दयाबाई मात्र म्हणायच्या, "काही नाही हो, लग्नाच्या दिवशीसुद्धा असेच होते. चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेश करतात आणि हे वर बघत बसतात. लोकांना वाटतं, केवढी भक्ती! हे बघतात पंख्याचा बोल्ट."

आमचं जिनिंग घोडेगावच्या पुढे, शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्याला. एका बाजूला मशिनीचा हॉल, तिथं कापसातून सरकी वेगळी होते. दुसऱ्या बाजूला रुईच्या गाठींचं गोडाऊन. मध्ये भिंत आणि भिंतीत ती मोठी मोकळी जागा. दिवसभर बायका आणि हमाल तिथून ये-जा करतात. विमा कंपनीने आग्रह धरला, तेव्हा मालक राधाकृष्ण शेठनी तिथं दार बसवून घेतलं. ते बसवायला शलमोन मिस्त्री आले आणि माझी त्यांची ओळख झाली.

बसवून झाल्यावर त्यांनी सगळ्या बायकांना गोळा केलं. "हा रूळ बघा. सरळ दिसतो, पण या अंगाला उतार आहे. म्हणजे दाराला कायम लागायचंच आहे. त्याला मागून हे वजन धरून ठेवतं, तारेनं. आणि तारेच्या मध्ये ही पितळेची पट्टी. दोन तुकडे डाख देऊन जोडलेत. आग लागली, वर धग आली, की डाख वितळतो, तुकडे सुटतात, वजन खाली पडतं आणि दार आपोआप सरकत येऊन लागतं. कोणी ओढायला नको."

"म्हंजी या टिकलीवर समदं हाय म्हना की," चांगुणाबाई म्हणाल्या. चांगुणाबाई आमच्याकडे सगळ्यांत जुन्या. त्यांचं बोलणं मशिनीच्या आवाजावरूनही ऐकू यायचं. त्या दिवसापासून त्या पट्टीला सगळे टिकली म्हणू लागले. मिस्त्रीही म्हणू लागले.

आता लक्ष्मीपूजनाचं सांगतो. एरवी कोणाच्या खिशात काडीपेटी सापडली तर सहादेव मुकादम त्याला गेटबाहेर काढत. पण लक्ष्मीपूजनाला मशिनी बंद, फरशी झाडून धुतलेली, कापूस लांब ताडपत्रीखाली. त्या एका संध्याकाळी निखाऱ्यावरचा धूप सगळ्या कोपऱ्यांतून फिरवायचा ही शेठच्या वडिलांपासूनची रीत. पूजा गोडाऊनमध्ये. गेटपासून हॉलमधून, त्या मोठ्या जागेतून थेट चौरंगापर्यंत चांगुणाबाई रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढायच्या. त्या वेळी जिनिंगचं एकूण एक दार उघडं. कपाटाचंसुद्धा.

त्या वर्षी सहादेव मुकादमांनी शिडी लावून मोकळ्या जागेवर झेंडूचं तोरण बांधलं. तोरणाला धूप दाखवायचा, आणि हातात आरतीला टाळ घ्यायचे. म्हणून त्यांनी धुपाटणं साखळीसकट वरच्या हुकाला अडकवून ठेवलं. बरोबर टिकलीच्या खाली. वर कोणाचं लक्ष नव्हतं.

शेठ आणि त्यांच्या घरची मंडळी गोडाऊनमध्ये होती, आम्ही कामगार हॉलमध्ये. आरती झाली, प्रसादाचं ताट फिरू लागलं. तेवढ्यात वर टक् असा आवाज झाला. वजन धाडकन खाली आलं आणि दार निघालं. घाई नाही, गडबड नाही. बैलगाडी उतारावरून यावी तसं घरघरत आलं आणि लागलं. लक्ष्मीची अर्धी पावलं आमच्याकडे राहिली, अर्धी शेठकडे.

 मग आतून शेठचा आवाज आला, "कोणी लावलं? कोणी लावलं रे दार?"

हमालांनी ढकलून दार मागे सरकवलं. शेठ पांढरेफटक पडले होते. मला वाटतं, त्यांना राग नंतर आला, आधी भीती वाटली. नव्या वर्षाच्या तोंडावरची संध्याकाळ, आणि लक्ष्मीच्या वेळेला दार लागलं. त्यांनी तिथल्या तिथे ट्रकची साखळी मागवली, दार खांबाला बांधलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पाडव्याला सकाळीच मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते आले, शिडीवर चढले, हुकाची काजळी बोटाने पुसून बघितली, टिकलीचे सुटलेले दोन तुकडे हातात घेतले, आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला त्यांना खाली ओढावंसं वाटलं. कारण खाली शेठ उभे होते.

"अहो शेठ, चाललं! अगदी चालायला पाहिजे तसं चाललं! एवढ्याशा निखाऱ्यानं!"

"चाललं?" शेठ म्हणाले. "लक्ष्मी दारात येते आणि तुमचं दार तिच्या तोंडावर लागतं, त्याला तुम्ही चाललं म्हणता?"

मिस्त्री खाली उतरले. चूक लक्षात आली होती, तरी म्हणाले, "दाराला काय कळतं, शेठ. धग आली, ते लागलं."

"मला कळतं ना. साखळी राहील."

मिस्त्रींनी नवी टिकली लावली, तार ओढून बघितली, वजन तोललं. सगळं नीट करून त्यांनी साखळीचं कुलूप हलवून बघितलं. मग मला म्हणाले, "नाना, पाडवा झाला की कापूस येणार."

"येणार."

"आणि हे असंच."

तिथून पुढे ते दर रविवारी यायला लागले. सकाळची उपासना आटोपली की मोटारसायकल काढायची, घोडेगावपर्यंत यायचं, माझ्याकडे अर्धा कप चहा घ्यायचा आणि मला घेऊन जिनिंगवर जायचं. कापसाचे टेम्पो रांगेने उभे असायचे. गाठींची थप्पी गोडाऊनमध्ये रोज चढत होती. ते आत जात, साखळीला हात लावत, जणू आज ती सैल झाली असेल. मग बायकांच्या मध्ये उभं राहून उगाचच विचारत, "पाण्याच्या बादल्या भरलेल्या आहेत ना?"

"भरलेल्या हायेत बाबा," चांगुणाबाई म्हणायच्या. "तुमी बसा की जरा. दाराआधी तुमालाच साखळी घालाया पायजे."

हात पुसून त्या त्यांना भाकरी-ठेचा द्यायच्या. मिस्त्री उभ्याउभ्या खायचे, डोळे वर, रुळावर.

सहादेव मुकादमांना धुपाटण्याचं मनाला लागलं होतं. एका रविवारी त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेतलं. "मिस्त्री, येक सुचवू का? शेठला म्हना, देवीनंच कौल दिला. दार देवीनं लावलं, संकटाची सूचना दिली. त्यांना पटंल. लगेच साखळी काढत्याल."

"मला काय माहीत देवीनं लावलं का?"

"म्हनायला काय जातंय?"

मिस्त्री मान हलवत राहिले. "मुकादम, माझा देव वेगळा, त्यांचा वेगळा. त्यांच्या देवाच्या नावानं मी कसं सांगू? उद्या दुसरं काही सांगितलं तर ते तरी माझ्यावर का विश्वास ठेवतील?"

"आन साखळी राह्यली तर?"

 मिस्त्री तडक शेठच्या केबिनमध्ये गेले आणि पुन्हा तेच सांगू लागले, उतार, वजन, धग. शेठ हिशेबात होते. वर न बघता म्हणाले, "मिस्त्री, दार तुमचं, साखळी माझी." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपला फोन केला, की तुमचा माणूस दर आठवड्याला येऊन माझ्या बायामाणसांना घाबरवतो. वर्कशॉपच्या मालकांनी मिस्त्रींना समज दिली. पुन्हा तक्रार आली तर दुसरीकडे काम बघा.

हे मला दयाबाईंकडून कळलं. फोनवर त्या हसत नव्हत्या. "नाना, तुम्ही तरी सांगा त्यांना. झोप नाही, जेवण नाही. काल ताटावरून उठून गेले आणि मोरीच्या दाराला खाली खडा लावून बघत होते, किती उतारावर दार आपोआप लागतं ते." मी सांगतो म्हणालो. पण मिस्त्री समोर आले की मला ते जमत नसे. आणि खरं तर, ते येतात याने मला धीर वाटायचा.

पुढचा रविवार आला आणि गेला. मिस्त्री आले नाहीत. चांगुणाबाईंनी दोनदा विचारलं, "दारवालं न्हाई आलं?"

त्याच आठवड्यात ते झालं. जिनिंगमध्ये हे नवीन नाही. कापसाबरोबर खडा येतो, मशिनीत घासतो, ठिणगी उडते. बायका ओल्या पोत्याने दाबून टाकतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्या दिवशी मात्र एक बोळा धुमसतच रुईबरोबर पुढे गेला आणि मोकळ्या जागेशी जाऊन भडकला. दोन पावलांवर गाठी. ओरडा झाला. चांगुणाबाईंनी ओलं पोतं टाकलं, सहादेव मुकादम साखळीकडे धावले. कुलूप होतं. किल्ली शेठच्या खिशात, आणि शेठ नगरला गेलेले. मुकादम कुलूप ओढत होते, त्यावर पहारीचे घाव घालत होते. कुलूप काही तुटलं नाही. टिकलीपर्यंत धग पोहोचायच्या आत बायकांनी बादल्या ओतून आग विझवली. चांगुणाबाईंच्या लुगड्याचा काठ जळाला, पोटरीला फोड आले. दुसरं काही झालं नाही.

मी काट्यावरून पळत आलो तेव्हा सगळे त्या दाराकडे बघत उभे होते. दार खांबाला बांधलेलं, आणि मुकादमांच्या हातात पहार.

मिस्त्रींना कळवावं की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला. त्यांची नोकरी. शेवटी लावला फोन. पलीकडून ते एवढंच म्हणाले, "कोणाला लागलंय?"

दुसऱ्या दिवशी, कामाच्या दिवशी, रजा न सांगता ते हजर झाले. शेठ आदल्या रात्रीच परतले होते. ते हॉलमध्ये उभे होते, आणि त्यांना सगळं ठीक आहे असंच म्हणायचं होतं. "विझली ना? मग झालं. दरवर्षी होतंच."

मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.  "शेठ, माझी तक्रार करा. आत्ता करा, माझ्यासमोर करा. पण ती साखळी काढा."

"तुम्हाला किती वेळा सांगायचं? अहो, तुम्हाला ते कळणारच नाही. लक्ष्मीच्या वेळेला..."

"मला नाही कळत!" मिस्त्री म्हणाले. "खरंच नाही कळत. चांगुणामावशींच्या पायाचे फोड कळतात."

मशिनी बंद होत्या, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. शेठ लाल झाले. आता हे संपलं, मिस्त्रींची नोकरी गेली, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात चांगुणाबाई पायाला फडकं बांधलेलं तसंच लंगडत पुढे आल्या.

"शेठ, येक इचारू? दार लागलं ते आरतीच्या आदी का मंग?"

"नंतर. प्रसाद चालू होता."

"आरती झाल्ती नव्हं?"

"झाली होती."

"आन पावलं म्याच काढल्ती. समदी आत जानारी. भायेर येनारं येक बी न्हाई. मंग आरती झाली म्हंजी लक्षुमी आत आली का न्हाई?"

शेठची नजर फरशीवर गेली.

"आली, बसली, आन तिच्या पाठीमागं दार लागलं. जाऊ नये म्हनून. त्ये तर लई ब्येस झालं की!" चांगुणाबाईंनी हाताने साखळीकडे दाखवलं. "आन तुमी काय केलं? दार बांधून ठिवलं उघडं. जा बाई म्हनलं, कवा बी जा, वाट मोकळी हाय."

मागे एक बाई फिसकन हसली आणि तोंडाला पदर लावला. सहादेव मुकादम छताकडे बघू लागले. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं जे लक्ष्मीपूजनाला आलं होतं. त्यांनी गाठींकडे बघितलं, साखळीकडे बघितलं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "ही म्हणते ते खरं आहे का?"

मला वाटलं, आता तरी हो म्हणतील. एक शब्द, नुसती मान हलवायची.

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लक्ष्मी आत आहे का बाहेर, ते मला माहीत नाही, शेठ. मी बघितलेली नाही. दार धुपामुळे लागलं. आगीतही असंच लागेल. एवढंच मला सांगता येतं."

चांगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं बाबा, व्हय म्हनायला तुझं काय जात हुतं!"

आणि का कोण जाणे, शेठ त्यावर हसले. मोठ्याने नाही, पण हसले. "हा माणूस खोटं बोलणार नाही, मावशी. याला जमणारच नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढली. मिस्त्रींना दिली नाही, मुकादमांना दिली नाही, चांगुणाबाईंच्या हातावर ठेवली. मुकादमांच्या घावांनी कुलूप वाकलं होतं, ते सहज निघेना. मिस्त्रींनी त्यात तेलाचे थेंब सोडले. साखळी फरशीवर पडली तेव्हा केवढा तरी आवाज झाला.

"एक अट आहे," शेठ म्हणाले. "पुढच्या लक्ष्मीपूजनाला तुम्ही इथं हजर पाहिजे. आरती होईपर्यंत दार हलता कामा नये. आरती झाली की स्वतःच्या हातानं लावायचं. आधी नाही, नंतर नाही."

"आणि धुपाटणं?"

"जमिनीवर," सहादेव मुकादम घाईने म्हणाले. "मी सोता धरतो."

शेठनी वर्कशॉपला फोन केला तो तक्रारीचा नव्हता. दारवाल्या मिस्त्रींना दरवर्षी दिवाळीला पाठवा, असं सांगितलं. वर्कशॉपच्या मालकांना त्यातलं काही कळलं नाही, पण मिस्त्रींची नोकरी राहिली.

तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला शलमोन मिस्त्री आणि दयाबाई आमच्या जिनिंगवर येतात. दयाबाई बायकांमध्ये बसतात. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून दाराजवळच्या स्टुलावर बसतात. एक हात दाराच्या कडेवर. पूर्ण आरतीभर ते जागचे हलत नाहीत. हे मी स्वतः बघितलं नसतं तर कोणी सांगून मला पटलं नसतं. दयाबाई पहिल्या वर्षी मला हळूच म्हणाल्या, "नाना, याचा फोटो काढून ठेवा. घरी कोणाला खरं वाटणार नाही."

आरती संपली की शेठ वळून बघतात. चांगुणाबाई म्हणतात, "आली गं बाई आत." मिस्त्री उठतात, तारेतून टिकली सोडवतात, वजन खाली बसतं आणि दार घरघरत येऊन लागतं, पावलांच्या वरून, रांगोळीचा कणही न पुसता. सगळे टाळ्या वाजवतात. वर्षातून एकदा दार चालवून बघायला हवं, असं विमा कंपनीचं म्हणणं होतं आणि ते आम्ही कधीच केलं नव्हतं. आता लक्ष्मीच्या निमित्ताने होतं, आणि न चुकता होतं.

गेल्या दिवाळीलाही तसंच झालं. दार लागलं, मिस्त्रींनी फटीत बोटं घालून कडेपर्यंत चाचपून पाहिलं, पुन्हा सरकवून टिकली जागेवर लावली. दयाबाईंनी त्यांच्या हातात प्रसादाची वाटी दिली. "बसा आता. शेठनी जेवायला थांबायला सांगितलंय."

मिस्त्री बसले. अर्धा लाडू खाल्ला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नाना, कोपरगावला जूनमध्ये दोन दारं बसवलीत. गोडाऊन नवीन आहे. तिथले लोक पूजा कुठे करतात, काही कल्पना?"

"मला कुठून असणार, मिस्त्री?"

"नाही, म्हटलं, धुपाटणं कुठे टांगतात ते बघायला पाहिजे."

उरलेला लाडू त्यांनी वाटीत ठेवला आणि मोटारसायकलची किल्ली शोधायला उठले.